तळटीप : शांता आपटे

* शांता आपटे (मृत्यू १९६४) : भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’ (१९३२) या बोलपटातून पडद्यावर आलेल्या या गायिका-नटीचा खरा लौकिक पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये, ‘अमृतमंथन’पासून (१९३४), वाढीस लागला. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामांनी काढलेल्या ‘कुंकू’त (१९३७), समोर केशवराव दात्यांसारखा रंगभूमीवर मुरलेला नट असताना, वृद्ध वकिलाशी फसवून लावलेले लग्न अमान्य करणारी नीरा त्यांनी ज्या करारीपणाने उभी केली, आणि लाँगफेलो या अमेरिकन कवीचे ‘अ साम ऑफ लाइफ’ हे इंग्रजी काव्य ज्या ठसक्यात गायिले, त्यास तत्कालीन नायिकांत जोड नाही.

प्रस्तुत मजकुरातील ‘फाटकावरचे उपोषण’ हा निर्देश १९३९ मधील होय : कराराच्या बाबतीत कंपनीशी तंटा उद्भवला असता, फिर्यादीचा रूढ मार्ग सोडून, कोणाचाही मुलाहिजा न ठेवता, त्या थेट स्टुडिओच्या दरवाजाशी अन्नत्याग करून बसल्या. या प्रकारास कोणी खुशाल नखरा म्हणो. परंतु ‘जाऊ मी सिनेमात?’ (१९४०) हे त्यांचे पुस्तक ज्याने वाचले, तो तसे म्हणण्यास धजणार नाही. ‘प्रभात’च्या त्या आवारात सांप्रत फिल्म इन्स्टिट्यूट आहे.