किती सेशन लागतील?

पहिल्या सेशनला मी एकच प्रश्न घोकून गेलो होतो: किती सेशन लागतील? चार महिने धड झोप नव्हती, तरी एस्टिमेट मागायची सवय सुटत नाही. मॅडम म्हणाल्या, "आज नाही सांगता येणार." मला ती टाळाटाळ वाटली.

प्रश्न जुनाच निघाला. व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइडने १९१३ साली उपचार सुरू कसे करावेत यावर एक निबंध लिहिला. त्यात तो इसापाची गोष्ट सांगतो. वाटसरू विचारतो, अजून किती वेळ लागेल? उत्तर मिळतं: चाल! तुझी चाल पाहिल्याशिवाय वेळ कसा सांगणार? पुढे फ्रॉइड स्वतःच कबूल करतो की ही उपमा अपुरी आहे, कारण रुग्णाची चाल मध्येच बदलते. पहिले एक-दोन आठवडे तो चाचणीचेच धरायचा. रुग्णाला कोचावर झोपवून स्वतः मागे बसायचा. दिवसाचे आठ तास कोणी टक लावून पाहिलेलं त्याला सोसायचं नाही. (इथे मला तो पहिल्यांदा आवडला.)

आमच्याकडे कोच नव्हता, समोरासमोर दोन खुर्च्या. दुसऱ्या सेशनला मी आकडा मागितला नाही. बाबांचा फोन मी का उचलत नाही, तिथून सुरुवात केली.