डब्ल्यूक्यूएक्सआर

डब्ल्यूक्यूएक्सआर हे अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरातून पाश्चात्त्य अभिजात संगीत प्रसारित करणारे नभोवाणी केंद्र आहे. १९३६ पासून या नावाने चालणारे हे केंद्र १९४४ मध्ये 'द न्यू यॉर्क टाइम्स'च्या मालकीचे झाले.

वारंवारता बदल

२००९ मध्ये टाइम्सने ९६.३ मेगाहर्ट्झ ही मोक्याची वारंवारता युनिव्हिजन कंपनीला दिली. केंद्राचे नाव व संगीत मात्र डब्ल्यूएनवायसी या सार्वजनिक नभोवाणी संस्थेने विकत घेतले. ८ ऑक्टोबर २००९ पासून प्रसारण १०५.९ मेगाहर्ट्झवर होऊ लागले. केंद्र टिकले, पण प्रक्षेपणशक्ती ६ किलोवॉटवरून सुमारे ६०० वॉटवर आली.

शक्ती दहापट घटली म्हणून पल्ला दहापट घटत नाही. एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या उंचीमुळे शहरात प्रसारण ऐकू येते. झळ बसली ती दूरच्या उपनगरांना. क्षीण संकेतातील खरखर बोलण्यात खपून जाते, व्हायोलिनच्या मंद स्वरांत खपत नाही.

उत्तरेकडील वेस्टचेस्टर परगण्यासाठी २०१३ मध्ये ऑसिनिंग येथील ९०.३ मेगाहर्ट्झचे छोटे केंद्र जोडण्यात आले. इतरत्र श्रोत्यांना आंतरजालावरील प्रसारणाचा आधार आहे.