कीचक कोण ते सगळ्यांना माहीत होतं



शाळेत फ्रेंच राज्यक्रांती शिकवताना पावाचे भाव, बॅस्टिलचा तुरुंग, राजाचा शिरच्छेद हे सगळं मी फळ्यावर लिहीत असे. नाटकाचा उल्लेख मात्र आमच्या पाठ्यपुस्तकात कुठेच नव्हता. क्रांतीच्या पाच वर्षं आधी, १७८४ साली, पॅरिसमध्ये बोमार्शेचं 'फिगारोचं लग्न' हे नाटक तुफान चाललं. नोकर आपल्या उमराव धन्यावर मात करतो, एवढीच गोष्ट. सोळाव्या लुईने आधी ते अडवून धरलं होतं. गंमत म्हणजे बंदी उठावी म्हणून हट्ट धरणाऱ्यांत उमरावच होते, आणि टाळ्या वाजवायलाही तेच!

"आजोबा, आपल्याकडे असं झालं का हो?" असं नातवाने विचारलं. झालं की. आणि आपल्याकडे तर नवी गोष्टही रचावी लागली नाही.

१९०५ साली लॉर्ड कर्झनने बंगालची फाळणी केली. १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आणलं. खाडिलकर म्हणजे टिळकांचे सहकारी, 'केसरी'तले माणूस. नाटकात इंग्रजांचं नाव कुठेही नाही. विराटाचा दरबार, सैरंध्रीची विटंबना, कंकभट्ट झालेला धर्मराज, बल्लव झालेला भीम, सगळं महाभारतातलंच. पण पाहणाऱ्याला कीचकात कर्झन दिसे, सैरंध्रीत हिंदुस्थान, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल. लंडनच्या 'टाइम्स'नेही नेमका हाच अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगितला. म्हणजे साहेबालाही कळलं होतं!

आता यातली खुबी बघा. आमच्या वैशाखऱ्यासारख्या गावात एक अक्षर न वाचलेल्या म्हातारीलाही कीचक कोण आणि त्याचं काय झालं ते पाठ असतं. शेवट आधीच ठाऊक असलेलं नाटक सरकारने कसं थोपवायचं? खटला भरायचा तर कोणत्या वाक्यावर? आक्षेपार्ह मजकूर संहितेत नव्हताच, तो प्रेक्षकांच्या मनात होता.

खाडिलकरांबद्दल आदर आहेच, पण धर्मराजावर थोडा अन्याय झाला असं मला वाटतं. तो उगीच कचरत नव्हता. अज्ञातवासात ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षं वनवास, ही अट होती. गोखल्यांसारख्या मवाळांपुढेही असाच हिशेब होता, ते भित्रे नव्हते. पण नाट्यगृहात हिशेबाला टाळ्या पडत नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली, जोडा फेकण्यापर्यंत मजल गेली. ही फूट पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांनी आधीच रंगमंचावर पाहिली होती, असं म्हणायला हरकत नाही.

पुढच्या वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. तेव्हा प्रयोग 'कीचकवध'चा नव्हता बरं का. तो होता देवलांच्या 'शारदा'चा, म्हणजे जरठ-कुमारी विवाहाविरुद्धच्या नाटकाचा. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिलं ते आपल्या ठाण्याच्या तुरुंगात. ठाण्याला जाणं झालं की ती भिंत दिसते, आणि तो कोवळा मुलगा आठवतो.

त्याच १९१० साली 'कीचकवध'वर बंदी आली. हत्यार होतं १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा. तो कलकत्त्यात निघाला, प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीवरून झालेल्या एका प्रहसनाच्या रागातून. नाटक बदनामीकारक किंवा राजद्रोही वाटलं की प्रयोग थांबवायचा अधिकार सरकारला मिळाला. नुसतं 'वाटलं' तरी पुरे!

खाडिलकरांनी १९११ साली 'मानापमान' दिलं, मग १९१६ साली 'स्वयंवर'. आज आपण त्यातली पदं गुणगुणतो आणि 'कीचकवध' विसरतो. असो.

नातवाला मात्र सगळ्यात नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तो १८७६ चा कायदा इंग्रज गेल्यावरही केंद्राच्या कायद्यांत तसाच पडून होता. संसदेने तो रद्द केला २०१७ च्या निरसन कायद्याने. "म्हणजे माझ्या जन्मानंतर?" त्याने बोटं मोजून विचारलं.