सोबत्याकडून घेतलेली विद्या

बीड जिल्ह्यांतील एखाद्या वस्तीवरच्या शाळेंत डोकावलें, तर एकाच खोलींत दोन-तीन इयत्तांचीं मुलें आणि त्यांच्यापुढें एकच गुरुजी, असें दृश्य आजहि आढळतें. गुरुजी थोरल्यांस गणित सांगूं लागले, कीं धाकट्यांची उजळणी एखादी चुणचुणीत मुलगी घेते. पाहणारास ही निव्वळ अडचणींतून काढलेली वाट वाटेल. परंतु या वाटेला इतिहास आहे, आणि तो आपल्या देशांतून विलायतेस जाऊन परत आलेला आहे.

पेशवाईच्या अखेरीस व त्यानंतरहि कित्येक वर्षें आपल्याकडे पंतोजींच्या शाळा चालत. कोणाच्या ओसरीवर, कोठें देवळांत मुलें जमत. छापील पुस्तक नव्हतेंच. धुळाक्षरें, मोडीचा कित्ता, बाराखड्या आणि पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे, एवढा विद्येचा पसारा. पंतोजी एक आणि मुलांची तयारी नाना प्रकारची. त्यामुळें ज्याचीं अक्षरें बसलीं त्यानें नवख्याचें बोट धरून गिरवून घ्यावें, ज्याचे पाढे पाठ त्यानें पुढें म्हणावे आणि इतरांनीं मागून म्हणावे, हा क्रम ठरून गेलेला असे.

मद्रासेस एग्मोर येथें १७८९ मध्यें सैनिकांच्या अनाथ मुलांसाठीं आश्रम निघाला. अँड्र्यू बेल नांवाचे स्कॉटिश पाद्री त्याची व्यवस्था पाहात. एका देशी शाळेंत मुलें वाळूंत बोटानें अक्षरें काढीत बसलेलीं त्यांनीं पाहिलीं, आणि तीच रीत आश्रमांत घालण्याचें मनांत घेतलें. तेथल्या शिक्षकांस ती साधेना. तेव्हां बेल यांनीं जॉन फ्रिस्केन नांवाच्या अवघ्या आठ वर्षांच्या मुलाकडे मुळाक्षरांचा वर्ग सोंपविला, आणि मोठ्यांच्या हातून न झालेलें काम त्या पोरानें करून दाखविलें! १७९७ मध्यें बेल यांनीं या प्रयोगाचें पुस्तक लंडनला छापलें. पुढच्याच वर्षीं जोसेफ लँकेस्टर यांनीं तेथें बरो रोडवर गरिबांच्या मुलांसाठीं शाळा काढली, आणि लवकरच एका शिक्षकाच्या देखरेखीखालीं शेंकडों मुलें शिकूं लागलीं. १८२३ मध्यें बल्लारीचे कलेक्टर कॅम्पबेल यांनीं आपल्या अहवालांत देशी शाळांतील ही चाल मुक्तकंठानें वाखाणली. मात्र मुलें अर्थ न कळतां पाठ म्हणतात, हेंहि त्यांनीं नोंदविलें आहे.

हीच रीत मग लँकेस्टरची म्हणून आपल्याकडे परत आली. एल्फिन्स्टनसाहेबांच्या आश्रयाखालीं मुंबईस शिक्षणमंडळी स्थापन झाली होती. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे कार्यवाह. तिनें तयार केलेले शिक्षक १८२६ मध्यें इंग्रजी अंमलाखालील जिल्ह्यांत पाठविण्यांत आले. बीड त्या वेळीं निजामाच्या राज्यांत असल्यामुळें या खटाटोपाच्या बाहेरच राहिलें.

परदेशांत या रीतीचें कौतुक झालें तें मुख्यत्वें तिच्या स्वस्तपणामुळें. पंतोजीच्या शाळेंतील थोरला मुलगा धाकट्याशेजारीं मांडी घालून बसे. लँकेस्टरच्या शाळेंतला मॉनिटर ओळीपुढें उभा राहून हुकूम सोडी. पहिला सोबती होता, दुसरा मुकादम. अर्धें कच्चें शिकलेल्या मॉनिटरांकडून पक्की विद्या होत नाहीं असें दिसून आल्यावर इंग्लंडानें १८४६ मध्यें पगारी उमेदवार शिक्षक नेमण्यास आरंभ केला. आपल्या जुन्या शाळेचीहि थोरवी बेतानेंच गावी हें बरें. मुली आणि अस्पृश्य मानलेल्यांचीं मुलें त्या ओसरीवर नव्हतीं. त्यांच्यासाठीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांना पुण्यांत निराळ्या शाळा काढाव्या लागल्या. भिडे वाड्यांतील मुलींची शाळा १८४८ ची.

तरीहि मूळ कल्पना टाकाऊ ठरली नाहीं. अमेरिकेंत १९८२ मध्यें कोहेन आणि कुलिक दांपत्य यांनीं अशा पासष्ट प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. शिकणाऱ्यांची प्रगति तर झालीच, पण शिकविणाऱ्या मुलांचेंहि त्या विषयाचें ज्ञान वाढलें होतें. दुसऱ्यास समजावून देतांना आपल्याच समजुतींतील भोंक दिसतें, हा अनुभव घरांत धाकट्या भावंडाचा अभ्यास घेणाऱ्या कोणासहि आहे.

बीड जिल्ह्यांत या गोष्टीला वेगळेंच वजन आहे. दसरा-दिवाळीनंतर येथील असंख्य कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. कांहीं मुलें गांवांत नातलगांकडे किंवा हंगामी वसतिगृहांत राहतात. कांहीं आईबापांबरोबर फडावर जातात आणि गळीत संपल्यावर परततात, तोंवर वर्गाचे धडे कितीतरी पुढें गेलेले असतात. एकट्या गुरुजींनीं अशा प्रत्येकास मागून ओढून आणणें कठीण. शेजारचा सोबती तें करूं शकतो, कारण अडलेलें विचारण्यास त्याच्यापाशीं लाज वाटत नाहीं. अर्थात् या सबबीवर शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवण्यास कोणी धजेल, तर ती लँकेस्टरच्या काटकसरीचीच नवी आवृत्ति होईल.

आणि फडावरून आलेलें मूल केवळ घेण्यासाठींच येतें असें नाहीं. मोळ्या किती झाल्या, गाडींत किती टन भरला, मुकादमाकडून घेतलेली उचल किती फिटली, हे हिशेब त्यानें पांच-सहा महिने रोज कानांनीं ऐकलेले असतात. पुस्तकांतील टन आणि क्विंटल म्हणजे काय, हें त्या वर्गांत कदाचित् त्यालाच नीट सांगतां येईल.