कार्बन डायऑक्साइडच्या रूपांतरासाठी धातूंचे रेणवीय उत्प्रेरक

इंधन जळून गेल्यावर जे उरते, त्यात कार्बन डायऑक्साइड हा प्रमुख वायू. त्याच्या रेणूतील बंध अत्यंत स्थिर असल्याने त्यापासून पुन्हा इंधन किंवा रसायन मिळवायचे, तर बाहेरून ऊर्जा पुरवावीच लागते. ती वाया न जाता अभिक्रिया हव्या त्या पदार्थाकडेच वळावी, यासाठी उत्प्रेरक लागतो.

रेणवीय उत्प्रेरकात धातूचा अणू सेंद्रिय चौकटीत बसवलेला असतो. धातूच्या पत्र्यावर अभिक्रिया नेमकी कोठे घडते, हे सांगणे अवघड असते. येथे ती जागा ठाऊक असते आणि तिच्या भोवतीचे अणुगट एकेक करून बदलता येतात.

जपानी संशोधकांनी १९७४ मध्ये कोबाल्ट व निकेलच्या थॅलोसायनिन संयुगांचा या कामी उपयोग दाखवला. १९८४ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे झाँ-मारी लेन यांच्या गटाने रेनियमच्या संयुगाद्वारे विजेच्या साहाय्याने कार्बन मोनॉक्साइड मिळवला. हा वायू विषारी असला, तरी कृत्रिम इंधने व अनेक रसायनांसाठी तो मोलाचा कच्चा माल आहे. रेनियम मात्र अतिशय दुर्मीळ. त्यामुळे लक्ष लोखंडाकडे वळले.

रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये लोह ज्या प्रकारच्या वलयात असते, त्याच कुळातील पॉर्फिरिन वलय या उत्प्रेरकांत वापरतात. पॅरिसमध्ये सावेआँ, रोबेर आणि कोस्तांताँ यांनी २०१२ मध्ये या वलयाला प्रोटॉन पुरवणारे फिनॉलगट जोडले, तेव्हा अभिक्रियेचा वेग कमालीचा वाढला. चार तासांत पाच कोटी आवर्तने झाल्याची नोंद आहे. अर्थात, ही गणना इलेक्ट्रोडलगतच्या पातळ थरातील रेणूंपुरतीच आहे, हे विसरून चालणार नाही. लोहाच्या पॉर्फिरिनवर कार्बन डायऑक्साइड कोणकोणत्या टप्प्यांतून बदलतो, याचा वेध कोलकात्यातील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत अभिषेक डे यांच्या गटाने २०१५ मध्ये घेतला.

कार्बन मोनॉक्साइडसाठी दोन इलेक्ट्रॉन पुरतात. मिथेनॉलसाठी सहा लागतात. अमेरिकेत जॉर्ज ओला आणि बंगळूरुत जन्मलेले सूर्य प्रकाश यांच्या गटाने २०१६ मध्ये थेट हवेतून टिपलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून हायड्रोजन व रुथेनियम उत्प्रेरकाच्या साहाय्याने मिथेनॉल बनवले. उतारा ७९ टक्के होता, पण रुथेनियमही महागच.

येल विद्यापीठातील संशोधक आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये कार्बन नलिकांवर बसवलेल्या कोबाल्ट थॅलोसायनिनवर विजेद्वारे मिथेनॉल मिळवले. मात्र अभिक्रिया चालू असताना उत्प्रेरकाचे वलयच खराब होऊ लागले. अमिनोगट जोडल्यावर तो किमान १२ तास टिकला. प्रयोगशाळेत हे मोठे यश. कारखान्याला मात्र हजारो तास न थकणारा उत्प्रेरक हवा. या क्षेत्राचे घोडे अडले आहे ते वेगापेक्षा या टिकाऊपणापाशी.

दुसरी अडचण विजेची. भारतात आजही निम्म्याहून अधिक वीज कोळशापासून येते. त्या विजेवर ही अभिक्रिया चालवली, तर जितका वायू वापरला जाईल त्याहून अधिक धुराड्यातून बाहेर पडेल. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवणाऱ्या भारताने २०२२ मध्ये आयआयटी मुंबई आणि बंगळूरुचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र या दोन ठिकाणी कार्बन पकडून वापरात आणण्यासाठी राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रांची घोषणा केली.