प्लगला करंट येत नाही? जुन्या दुचाकीचा दोष प्लगपासून मागे शोधत जा, सीडीआय बदला सर्वात शेवटी

पावसाची झड लागली की गावोगावच्या गॅरेजसमोर जुन्या गाड्यांची रांग लागते. तक्रार एकच : 'किक मारून पाय दुखला, गाडी चालू होईना, करंटच नाही.' मग अंदाजाने आधी प्लग, नंतर कॉईल, नंतर सीडीआय बदलले जाते. खिसा रिकामा होतो आणि दोष निघतो हँडलखाली घासलेल्या एका वायरमध्ये. हे टाळायचे असेल तर तपासणी क्रमाने व्हायला हवी.

आधी गाडीची जात ओळखा

जुन्या लुना आणि जुन्या स्कूटरमध्ये मॅग्नेटच्या आत पॉइंट आणि कंडेन्सर असतो. १९८५ साली आलेली सीडी १००, १९९४ ची स्प्लेंडर या गाड्यांत पॉइंट नाही, त्याचे काम सीडीआय करते. या जुन्या गाड्यांत प्लगचा करंट मॅग्नेटमधल्या कॉईलवर तयार होतो. त्यामुळे बॅटरी उतरली तरी किकवर गाडी चालू व्हायला हवी. नंतरच्या काही गाड्यांत सीडीआय बॅटरीवर चालते. तिथे मात्र पहिल्यांदा बॅटरी आणि फ्यूज बघावा.

करंट नाही की पेट्रोल नाही?

आठ-दहा किक मारून प्लग खोला. प्लग ओला असेल, पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोचते आहे आणि संशय करंटवर जातो. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर आधी टाकी, कॉक आणि कार्बोरेटर बघावे.

करंट बघताना जपून

पेट्रोलचा कॉक बंद करावा. प्लगच्या भोकातून किकसरशी पेट्रोलची वाफ बाहेर येते, ठिणगी जवळ असेल तर भडका उडू शकतो. म्हणून जवळ दुसरा प्लग असेल तर जुना प्लग जागेवरच बसवून ठेवावा आणि दुसरा प्लग कॅपमध्ये घालून तपासावे. प्लगची बॉडी इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकलेली हवी. ती अधांतरी ठेवून किक मारली तर कॉईल किंवा सीडीआय जाण्याचा धोका असतो. प्लग हाताने धरू नये, हजारो व्होल्टचा झटका बसतो. लाकडी चिमटा वापरावा.

ठिणगी सावलीत बघावी. निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी किंवा तांबूस असेल तर करंट कमजोर आहे. काहीच दिसत नसेल तर पुढच्या क्रमाने जावे.

१. प्लग : काळा, तेलकट किंवा चिनीमातीला तडा गेलेला प्लग बाजूला काढून खात्रीचा प्लग लावून बघा. उघड्यावर ठिणगी देणारा प्लग इंजिनच्या दाबाखाली फसू शकतो, हेही लक्षात ठेवावे.

२. प्लग कॅप : हा सर्वात स्वस्त आणि सर्वात विसरला जाणारा भाग. कॅप फिरवून काढा. वायरचे टोक हिरवे, काळे पडले असेल तर अर्धा सेंटीमीटर कापून कॅप परत घट्ट फिरवून बसवा. कॅप काढून वायरचे टोक इंजिनच्या धातूपासून ५-६ मिलिमीटरवर धरले (प्लग जागेवर बसवूनच) आणि ठिणगी पडली, तर कॅपच खराब आहे.

३. बंद करणारी वायर : इथेच बहुतेकांची फसगत होते. मॅग्नेटवर चालणाऱ्या या गाड्यांत चावी बंद केली की करंट तोडला जात नाही, तो अर्थ केला जातो. म्हणजे चावीच्या स्विचमध्ये पाणी गेले, किंवा ही वायर हँडलपाशी सोलून चेसिसला लागली, तर गाडीला वाटते चावी बंदच आहे. जुन्या हिरो होंडात ही वायर सहसा काळी-पांढरी असते. सीडीआयजवळ ती सोडवून किक मारा. करंट आला तर सीडीआय आणि कॉईल ठीक आहेत, दोष स्विच किंवा वायरिंगमध्ये आहे. वायर सोडवलेली असताना गाडी चावीने बंद होणार नाही. ब्रेक दाबून, गिअरमध्ये क्लच सोडून ती बंद करावी. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नये.

४. कपलर आणि अर्थ : गोठ्यात किंवा कडब्याजवळ उभ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात. टाकीखालची सगळी वायरिंग डोळ्याखालून घाला. कपलर उघडून पुसा, गंज खरवडा. कॉईलचा बोल्ट चेसिसला जिथे बसतो तिथला गंजही काढा.

५. पॉइंटची गाडी असेल तर : पॉइंटवर तेल किंवा काजळी असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून कोरड्या फडक्याने पुसा. पॉइंट पूर्ण उघडल्यावर फट साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर असावी. पॉइंटवरच मोठ्या ठिणग्या उडत असतील आणि प्लगला करंट कमजोर असेल, तर कंडेन्सर गेला समजावे.

६. कॉईल : इथून पुढे मीटर लागतो. सीडीआयच्या गाडीत मॅग्नेटमधल्या करंटच्या कॉईलची वायर (सहसा काळी-लाल) आणि पिकअपची वायर (निळी-पिवळी) कपलरमधून सोडवून अर्थसोबत तपासावी. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली, थेट शून्य दाखवत असेल तर शॉर्ट. टाकीखालच्या प्लग कॉईलची आतली बाजू अगदी कमी ओहम, तर प्लगकडची बाजू काही हजार ओहम दाखवते. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो.

७. सीडीआय : साध्या मीटरने सीडीआयची खात्री होत नाही. त्याच मॉडेलच्या चालू गाडीची सीडीआय पाच मिनिटे लावून बघणे हाच सोपा उपाय. करंट आला तरच नवी घ्यावी.

पहिल्या चार पायऱ्यांना प्लग पाना, पक्कड आणि पॉलिश पेपर एवढेच पुरते. गाडी गॅरेजला न्यायचीच झाली तर काय काय तपासले ते मेस्त्रींना सांगावे आणि बदललेला जुना पार्ट परत मागून घ्यावा. दूध घालायला किंवा पेशंटला तालुक्याला न्यायला घरात हीच एक गाडी असेल, तर एक जादा प्लग आणि कॅप डिकीत कायम असू द्यावी.