यवतचा डास

२००६ साली चिकुनगुनियाने महाराष्ट्रात धडधाकट माणसांचे सांधे धरले, तेव्हा १९७३ची बार्शीची साथच परतली, असे वाटणे साहजिक होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (स्थापना १९५२) जुन्या-नव्या विषाणूंची जनुके ताडून पाहिली. जुना आशियाई वंशाचा, तर नवा आफ्रिकी!

पण खरे नवल पुढेच. आपल्या पिंपळवंडीच्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातील यवत येथे २००० साली पकडलेल्या एडिस डासांत सापडलेला विषाणूही आफ्रिकीच निघाला. म्हणजे हा पाहुणा निदान पाच वर्षे आधीच आपल्या रांजणाशी येऊन बसला होता. (हा डास गटारात नव्हे, घरच्या साठवणीच्या पाण्यात वाढतो.) त्याची वंशावळ मात्र साथ भडकल्यावरच वाचली गेली.